बाई, सांगितलं तर मोबाईल काढून घेणार नाही ना?

वाचकाचं पत्र:

"मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते, नववीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी एका मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो शाळेच्या फेसबुक पानावरून घेतला, तिचा चेहरा कापून एका नर्तिकेच्या अंगावर चिकटवला आणि खाली वाईट ओळ लिहून स्टिकर बनवलं. ते मुलांच्या वेगळ्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होतं. मुलीला कळलं तरी तिने घरी सांगितलं नाही. शेवटी मैत्रिणीच्या आईकडून वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी मुलीचाच मोबाईल काढून घेतला आणि आता दहावीला तिला मामाकडे पाठवतो म्हणतात. त्या दोन मुलांना आम्ही दोन दिवस वर्गाबाहेर बसवलं. मुख्याध्यापकांनी मला शनिवारी सगळ्या वर्गांना एकत्र बसवून 'इंटरनेटचा सुरक्षित वापर' यावर एक तास बोलायला सांगितलं आहे. मला यातलं फार कळत नाही, मुलं माझ्या पुढे आहेत. एखादी तयार पीपीटी सुचवाल का? नेमकं काय सांगू?"

ताई,

शनिवारच्या तासाकडे येतेच, पण आधी त्या मुलीचं बघू या. ते जास्त निकडीचं आहे, आणि तासाला काय बोलायचं तेही त्यावरच ठरणार आहे.

तुमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनी या सगळ्यात काय पाहिलं, ते त्यांच्या बाकावर बसून बघा. फोटो दुसऱ्यांनी खराब केला आणि मोबाईल तिचा गेला. स्टिकर मुलांनी फिरवलं आणि शाळा तिची सुटायची वेळ आली. मुलं दोन दिवस बाहेर बसून परत आपापल्या जागेवर आली. कुणी फळ्यावर लिहून दिलं नाही, तरी सगळ्या मुलींना हे पाठ झालं असणार की काही झालं तर तोंड उघडायचं नाही. उद्या त्यांच्यातल्या एखादीला इन्स्टाग्रामवर कुणी म्हणाला, "फोटो पाठव, नाहीतर तुझ्या पप्पांना सगळं सांगतो," तर त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवलं आहे. अशा माणसांचा सगळा धंदा मुलांना वाटणाऱ्या घरच्या धाकावर चालतो. पैसे उकळणाऱ्याला ते मूल मागतील तेवढे पैसे देतं, आईच्या पर्समधून काढून देतं, कारण घरी कळण्यापेक्षा त्याला तेच परवडतं. नंतर विचारलं की उत्तर बहुतेक एकच येतं: सांगितलं असतं तर मोबाईल काढून घेतला असता.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. सांगायला आलेल्या मुलाला शिक्षा होणार नाही, याची खात्री शाळेने आधी द्यावी. पासवर्ड, प्रायव्हसी, ओटीपी हे सगळं त्यानंतर. ही खात्री नसेल तर बाकीचे नियम मुलं ऐकतात, वहीत लिहून घेतात आणि अडचण आली की एकटीच निस्तरत बसतात.

म्हणून शनिवारच्या आधी त्या मुलीच्या घरी जा. वडिलांना शाळेत बोलावू नका. ऑफिसात खुर्चीवर बसवलं की माणूस आपली बाजू राखायला लागतो. एखाद्या सहशिक्षिकेला बरोबर घ्या, आई समोर असू द्या आणि मुलीला आतल्या खोलीत जायला सांगू नका. पहिल्या दोन मिनिटांत, तिला ऐकू जाईल असं म्हणा: "तिची यात काही चूक नाही. फोटो शाळेच्या पानावरून घेतला गेला, म्हणजे जबाबदारी आमची आहे." हे वाक्य त्या घरात अजून कुणी उच्चारलं नसेल अशी माझी खात्री आहे. वडील रागावलेले दिसतील, पण आतून ते घाबरलेले असतील, चार माणसांत नाव जाईल म्हणून. त्यांच्याशी वाद घालू नका. मामाच्या गावातही हेच मोबाईल आणि हेच ग्रुप आहेत, तिथे तिला ओळखणारी मैत्रीण नसेल आणि तुम्हीही नसाल, एवढं शांतपणे सांगा. मोबाईल आज परत द्या असा आग्रह धरू नका. दहावी इथेच करू द्या, हा मात्र धरा. एका भेटीत जमलं नाही तर पुन्हा जा.

आता कायद्याचं. तुमच्या पत्रावरून ते स्टिकर टवाळीचं होतं की अश्लील, हे मला नीट कळलं नाही, आणि फरक मोठा आहे. अल्पवयीन मुलीचं अश्लील चित्र बनवणं किंवा फिरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, चेहरा खरा आणि अंग दुसऱ्याचं असलं तरी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्याने तो पोलिसांना कळवायचा असतो आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे 'शाळेची बदनामी नको, आपल्यातच मिटवू' हा पर्याय तिथे मुख्याध्यापकांच्याही हातात नाही. शंका असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीच्या, नंबरवर विचारा, दिवसरात्र चालू असतो.

एक गोष्ट मात्र आजच करा. ते स्टिकर 'पुरावा' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर फिरलं असेल तर ते थांबवा. बऱ्याच शाळांत असं होतं. एक सर दुसऱ्यांना पाठवतात, दुसरे संस्थेच्या सदस्यांना, आणि मुलीचं तेच चित्र आता मोठ्या माणसांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसतं. कुणाच्या ग्रुपवर, कधी, कोणी पहिल्यांदा टाकलं हे कागदावर लिहून ठेवा. चित्राची प्रत काढू नका, पुढे पाठवू नका. पोलिसांना ज्या मोबाईलवर आहे तो मोबाईल दाखवता येतो. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही करता येते आणि महिला व मुलांच्या बाबतीतली तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. चित्र अश्लील असेल आणि उद्या ते इन्स्टाग्राम-फेसबुकवर चढण्याची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, अठराच्या आतल्या मुलांसाठीच. तिथे चित्र पाठवावं लागत नाही. आपल्या मोबाईलवरच त्या चित्राचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते चित्र ओळखून काढून टाकतात. मुलांना ही माहिती बहुधा नसते आणि कळली की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्या दोन मुलांना वर्गाबाहेर बसवून काय साधलं, ते मला समजलं नाही. त्यांच्याशी एकेकट्याने बोला. कुणी सुचवलं, कुणी बनवलं, किती जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. स्टिकर सगळ्यांच्या मोबाईलमधून निघालं पाहिजे. पण प्रकरण पोलिसांकडे जाणार असेल तर ते कसं आणि कधी काढायचं हे आधी पोलिसांना विचारा. माफीचा कार्यक्रम सगळ्या वर्गासमोर करू नका. त्यात मुलगी दुसऱ्यांदा उभी राहते. तिला माफी हवी असेल तर ती लेखी, तुमच्या हातून. आणि ग्रुपमधल्या ज्या बाकीच्या मुलांनी फक्त पाहिलं, त्यांना विसरू नका. आठवडाभर इतक्या जणांनी पाहिलं आणि एकालाही वाटलं नाही की बाईंना सांगावं. मला या सगळ्यात याचंच जास्त वाईट वाटतं.

यात शाळेचाही वाटा आहे आणि तो बोलायला हवा. फोटो शाळेच्या पानावरून गेला. आपल्या शाळा स्नेहसंमेलन झालं की दीडशे फोटो टाकतात, खाली नाव आणि इयत्ता, गुणवंतांच्या यादीत पालकांचा नंबर, शिष्यवृत्तीच्या यादीत जन्मतारीख. कुणाच्या मनात वाईट नसतं, उलट कौतुक असतं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांच्या आतल्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागणार हे सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या शाळेने मुलीला न विचारता तिचा फोटो जगाला दाखवला, तीच शाळा शनिवारी तिला 'आपले फोटो जपून टाका' म्हणणार असेल तर मुलं मनात काय म्हणतील? आधी तो अल्बम काढा. यापुढे समूहाचे, लांबून काढलेले फोटो टाका, नावं नकोत. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर तरी असेलच, २०२२ च्या शासन निर्णयाने ती सगळीकडे करायला सांगितली आहे. तिची पहिली खरी बैठक याच विषयावर होऊ द्या.

आता तास. सगळ्या वर्गांना पटांगणात बसवून तासभर बोलणं मला पटत नाही. पाचवीची मुलं आणि दहावीची मुलं यांची गरज एक नाही. तीनशे मुलांत कुणी प्रश्न विचारत नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा त्या एका मुलीकडे वळतील. मुख्याध्यापकांना विनंती करा की शनिवारचा तास शिक्षकांसाठी घ्यावा. मूल सांगायला आलं तर कुणाकडे जायचं, तो शिक्षक पुढे काय करेल, फोटोंचं धोरण काय, एवढं ठरलं तरी खूप झालं. मुलांसाठी प्रत्येक वर्गशिक्षकाने आठवड्यातली पंधरा मिनिटं काढावी, वर्षभर. विहिरीत पोहायला आपण मुलांना पाठीला डबा बांधून उतरवतो, काठावर बसवून पोहण्यावर भाषण देत नाही. इथेही हात मारायला लावा.

मुलं तुमच्या पुढे आहेत, हे अर्धंच खरं आहे. त्यांना बटणं कळतात. माणसं तुम्हाला जास्त कळतात. कोण विनाकारण गोड बोलतंय, कोण घाई करतंय, कोण 'हे आपल्या दोघांतच ठेव' म्हणतंय, हे ओळखायला वय लागतं आणि ते तुमच्याकडे आहे. सेटिंग कुठे आहे ते एखाद्या मुलाला दाखवू दे. ते का करायचं, हे तुम्ही विचारा.

पहिल्या पंधरा मिनिटांत काही शिकवू नका, फक्त सांगा. शब्द तुमचे असू द्या, पण आशय असा: "मोबाईलवर काही विचित्र घडलं, तुमच्या चुकीमुळे घडलं असलं तरी, माझ्याकडे या. मी आधी ऐकेन. घरी कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू, आणि मोबाईल काढून घेऊ नका हे मी स्वतः तुमच्या आईवडिलांना सांगेन. काही गोष्टी मला कायद्याने पुढे कळवाव्या लागतात. तशी वेळ आली तर आधी तुम्हाला सांगेन, मगच कळवेन." हा शेवटचा भाग गाळू नका. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन दिलंत आणि ते मोडावं लागलं, तर ते एक मूल नव्हे, सगळा वर्ग हातचा जाईल. शाळेतली तक्रार पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर असेल तर ती हलवा. तिथे चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते.

पुढच्या तासांना तुमचा मराठीचा विषय फार कामाचा आहे, कारण हे मुळात नीट वाचण्याचंच काम आहे. दर पावसाळ्यात 'उद्या शाळांना सुट्टी' असं जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र ग्रुपवर फिरतं, त्यातलं एखादं तरी जुनं किंवा खोटं असतं. तसं एक पत्र मोठं करून छापा आणि वर्गाला उताऱ्यासारखं वाचायला द्या. तारीख कोणती, वर्ष आहे का, जिल्हा कोणता, जावक क्रमांक आहे का, भाषा सरकारी आहे की कुणीतरी घाईत लिहिली आहे, मूळ पत्र कुठे सापडायला हवं. सुट्टीचा विषय असल्यामुळे मागच्या बाकावरची मुलंही मान वर काढतील.

तो सराव झाला की राईनपाडा सांगा. नववीच्या मुलांना हे कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या भागात मोबाईलवर फिरत होत्या. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि पाचही जणांना ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या मूल पळवण्याच्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवरची माणसं मूल परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष द्या असं सांगतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मुलांना विचारा, पाचच का? ती स्वतःच बोलू लागतील. मग मोबाईलवर दोन बाणांची 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण दाखवा आणि गुगल लेन्सने एखादं चित्र मूळ कुठलं ते शोधायला लावा. स्टिकर प्रकरणाचं नावही काढू नका. पुढे पाठवणाऱ्या बोटाची जबाबदारी किती, हे त्या ग्रुपमधल्या मुलांना राईनपाड्यातून समजेल.

पैशांचा भाग मुलांवरच सोपवा. गावाकडे नववीतलं पोरगंच घरचे सगळे मोबाईल व्यवहार बघतं: शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, आजोबांचं पेन्शन, वडिलांचं फोनपे. त्याला घाबरवण्यापेक्षा घर सांभाळायला शिकवा. लग्नपत्रिका म्हणून किंवा पीएम किसानच्या नावाने ग्रुपवर एक फाईल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' असं असतं. ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं, उघडून परवानग्या दिल्या की बँकेचे मेसेज तिकडे जायला लागतात. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना टाकायचा. पैसे मिळायचे असतील तर पिनही लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, रात्र गेली की ती कमी होते. घरचा अभ्यास म्हणून हे आजी-आजोबांना समजावून द्यायला सांगा आणि आजी काय म्हणाली ते पाच ओळींत लिहून आणायला सांगा. मराठीचा निबंधही होईल.

सेटिंगचं एका तासात उरकेल. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते 'माझे संपर्क' वर, इन्स्टाग्राम खाजगी. या अ‍ॅपची वयाची अट १३ आहे, म्हणजे पाचवी-सहावीच्या मुलांची खाती मुळात असायला नकोत. तिथे मुलांना रागावण्यापेक्षा पालकांशी बोला. एआयने खोटे फोटो बनतात हे मुलांना माहीत आहे, तुम्ही फक्त एवढं सांगा की अ‍ॅपने बनवलं तरी दोष बनवायला सांगणाऱ्याचा.

पालकसभेत मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलणारा पाहुणा बोलावू नका, ते भाषण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्याऐवजी मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगा. सांगली जिल्ह्यातल्या या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घराघरांतले मोबाईल आणि टीव्ही बंद. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की नियम मुलांपुरता नाही. वडील रील बघत बसलेत आणि मुलीला 'तू अभ्यास कर' म्हणतायत, हे तिथे त्या दीड तासात चालत नाही. तुमच्या गावात भोंगा नसला तरी जेवताना सगळ्यांचे मोबाईल फडताळात, एवढं दहा घरांत सुरू झालं तरी चालेल. सभेतच पालकांकडून एक गोष्ट मान्य करून घ्या: मूल स्वतःहून सांगायला आलं तर त्या दिवशी मोबाईल काढून घ्यायचा नाही. हात वर करून मान्य करायला लावा, मुलांना बोलावून त्यांच्या देखत.

तयार पीपीटी मी सुचवत नाही, तुम्हाला तिची गरज नाही. १०९८ आणि १९३० हे दोन नंबर मात्र भिंतीवर रंगवून घ्या, समोरच्या फलकावर नकोत. जिन्याच्या वळणावर आणि मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ लिहा, जिथे उभं राहून वाचताना कुणी बघत नाही. रंगवायचं काम नववीतल्या मुलांना द्या, त्या दोघांनाही.